दालनाचे बारा आठवडे शहराला द्या : कलादालने चालवणाऱ्या महापालिका आणि नगर परिषदांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, राज्यातील सर्व महानगरपालिका,
मा. मुख्याधिकारी, सर्व नगर परिषदा,
आणि सार्वजनिक कलादालनांचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी

विषय : पालिकेच्या कलादालनात प्रदर्शन आणि सर्व वयोगटांचे चित्रकला वर्ग एकाच वेळापत्रकात घेण्याबाबत

महोदय, महोदया,

आपल्या ताब्यातली कलादालने आज बहुतेक ठिकाणी एका नोंदवहीवर चालतात. अर्ज येतो, अनामत भरली जाते, तीन ते सात दिवसांसाठी हॉल दिला जातो. चित्रकार स्वतःच चित्रे टांगतो, उद्घाटनाला त्याचे नातेवाईक आणि स्नेही येतात, शेवटच्या दिवशी रात्री चित्रे उतरतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचा अर्जदार हातोडी घेऊन दारात उभा असतो. ही सोय राहायलाच हवी. नव्या चित्रकाराला परवडणाऱ्या भाड्यात भिंत मिळणे हे पालिकेने केलेले मोठे काम आहे, आणि ते बंद करा असे आम्ही म्हणत नाही.

पण वर्षभर एवढेच चालले, तर ज्यांच्या करातून दालन उभे राहिले ते लोक दालनात येतच नाहीत. आम्ही प्रदर्शने लावणारे आणि चित्रकलेचे वर्ग घेणारे लोक आहोत. आमची मागणी एकच आहे. वर्षातले बारा आठवडे, सहा-सहा आठवड्यांच्या दोन टप्प्यांत, दालन भाड्याने देऊ नका. त्या काळात पालिकेने स्वतःचे प्रदर्शन लावावे आणि त्याच चित्रांसमोर चार वर्षांच्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या आजींपर्यंत सर्वांसाठी वर्ग चालवावेत. हे कसे करायचे, किती साहित्य लागते आणि कुठे फसते, ते खाली लिहितो.

वर्ग समाजमंदिरात आणि प्रदर्शन दालनात असे वेगवेगळे का नको, हा पहिला प्रश्न येईल. कारण छापील चित्रात किंवा मोबाइलच्या पडद्यावर जलरंगाचा पारदर्शक थर आणि पोस्टर कलरचा अपारदर्शक थर एकसारखेच दिसतात. मूळ चित्रासमोर उभे राहिल्यावरच कळते की जलरंगातला पांढरा हा कोरा सोडलेला कागद आहे. तैलचित्रात उजेडाच्या जागी रंग जाड लावलेला आहे आणि सावलीत पातळ. अमुक चित्र हाताच्या पंजाएवढे आहे आणि तमुक दारापेक्षा उंच. ही माहिती शिक्षकाने तासभर सांगून पोहोचत नाही, चित्रासमोर दहा मिनिटे बसून पोहोचते. आणि उलट बाजूने पाहिले, तर ज्याने स्वतः एकदा तरी ओल्या कागदावर रंग सोडून तो पसरताना पाहिला आहे, तो प्रदर्शनात प्रत्येक जलरंगासमोर जास्त वेळ थांबतो.

महाराष्ट्रात याची उदाहरणे आहेत. मुंबईत भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. २००३ मध्ये महापालिका, वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला, जीर्णोद्धार झाला, २००८ मध्ये ते पुन्हा उघडले, आणि त्यानंतर तिथे प्रदर्शनांच्या जोडीने मुलांच्या आणि मोठ्यांच्या कार्यशाळा होत आल्या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. ही मोठी नावे आहेत, त्यांचा पैसा तुमच्याकडे नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आम्ही जे मागतो आहोत त्याला नवी इमारत लागत नाही. एक दालन, शेजारी एक पाण्याची सोय असलेली खोली, आणि वेळापत्रक, एवढेच लागते.

प्रदर्शनात लावायचे काय? आधी आपल्याच भिंती पाहा. अनेक जुन्या नगर परिषदांच्या सभागृहांत माजी अध्यक्षांची आणि राष्ट्रपुरुषांची तैलचित्रे आहेत. त्यांची यादी मालमत्ता नोंदवहीत 'फोटो, मोठा' अशी असते आणि चित्रकाराची सही चौकटीच्या कडेखाली दडलेली असते. ही चित्रे उतरवून, नोंदवून, एकदा नीट उजेडात लावली तरी एक प्रदर्शन होते. ती साफ करताना मात्र एक पथ्य पाळा. ओल्या फडक्याने पुसू नका, त्यावर वॉर्निश मारू नका, सुतारकामाचे तर मुळीच नाही. रंग सुटत नसेल तर मऊ, कोरड्या, रुंद ब्रशने वरून खाली हलक्या हाताने धूळ काढा. जिथे रंगाचे पोपडे उचललेले दिसतील तिथे हात न लावता चित्र आडवे ठेवून संवर्धकाला बोलवा. ओल्या फडक्याचे पाणी रंगाच्या भेगांतून आत जाते, खालचा सरसाचा थर फुगतो, आणि महिनाभराने रंग गळू लागतो.

दुसरा स्रोत म्हणजे जिल्ह्याची स्वतःची कला. सिंधुदुर्गातल्या नगर परिषदेने पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, आणि सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, लावावी. पालघरकडे वारली आहे. कोल्हापूरकडे आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्यापासून चालत आलेली चित्रकारांची परंपरा आहे. साताऱ्याच्या शाळांनी औंधचे संग्रहालय पाहावे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये एका लहानशा संस्थानात ते उभारले, आणि राजा रविवर्म्याच्या चित्रांबरोबर इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचे मातृशिल्प तिथे आहे. चित्रकथी किंवा वारलीचे प्रदर्शन लावताना त्या समाजातल्या कलाकारांनाच वर्ग घ्यायला बोलवा, आणि त्यांना प्रवासखर्चाव्यतिरिक्त पूर्ण मानधन द्या. वारलीचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये आणि चित्रकथीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कलेचे वर्ग शहरातल्या तिसऱ्याच कुणीतरी 'वारली डिझाइन' म्हणून घ्यावेत हे बरोबर नाही.

चित्रे खासगी घरांतून उसनी घेत असाल, तर प्रत्येक चित्राचा स्थिती अहवाल करा. समोरून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो, जुने डाग आणि भेगा कुठे आहेत त्याची नोंद, दोघांच्या सह्या. विमा मालकाच्या भिंतीवरून चित्र उतरल्यापासून परत त्याच भिंतीवर चढेपर्यंतचा हवा. बहुतेक नुकसान प्रदर्शनात होत नाही, टेम्पोत होते. दोन चित्रे समोरासमोर ठेवून, मधे पुठ्ठा घालून, उभी बांधायची. आडवी रचून वर काही ठेवले की काच फुटते आणि तिचा तुकडा कागद फाडतो.

आता भिंती. सहा आठवड्यांपैकी पहिला आठवडा मांडणीसाठी आणि शेवटचे दोन दिवस उतरवण्यासाठी राखून ठेवा. भाड्याच्या तारखांमध्ये एकही रिकामा दिवस नसतो, म्हणून आपल्या दालनांच्या भिंती खिळ्यांच्या भोकांनी चाळण झालेल्या आहेत. भोके पुट्टीने भरणे, घासणे आणि मॅट पांढऱ्या इमल्शनचा एक हात, याला दोन दिवस लागतात. चकाकणारा ऑइलपेंट नको, त्यावर प्रत्येक दिव्याचे प्रतिबिंब पडते. कायमचा उपाय हवा असेल तर भिंतीला लाकडी पट्ट्यांवर १२ मिमी प्लाय ठोका. खिळा कुठेही बसतो, आणि प्लाय व मूळ भिंत यांच्यात हवा खेळल्यामुळे ओल थेट चित्रापर्यंत येत नाही. छताजवळ ॲल्युमिनियमची पट्टी आणि त्यातून लोंबणाऱ्या तारा असतील तर खिळ्यांची गरजच उरत नाही. नायलॉनची दोरी वापरू नका. ती वजनाने हळूहळू ताणते आणि आठवड्याभरात सगळी रांग वाकडी होते.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंमीवर धरा. वरची कड एका रेषेत आणण्याची आपल्याकडे सवय आहे, तिने लहान चित्रे फार वर जातात. मुलांसाठीच्या प्रदर्शनात मध्य १२० सेंमीवर आणा. चाकाच्या खुर्चीवरून पाहणाऱ्यालाही तीच उंची सोयीची पडते. मोठ्या चौकटीला एका खिळ्याऐवजी दोन हूक द्या, म्हणजे दार आपटले तरी चित्र कलत नाही. आणि चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे किंवा बुचाचे बोटभर जाड तुकडे लावा. हा काही रुपयांचा तुकडा आहे. तो नसला की चौकट भिंतीला चिकटून राहते, मागे हवा खेळत नाही, आणि पावसाळ्यात तिथेच पहिली बुरशी धरते.

उजेडाबाबत आपल्याकडे दोन टोके दिसतात. एक तर छतावरच्या ट्यूबलाइट, ज्यांत चित्रापेक्षा फरशी जास्त उजळते. नाहीतर हॅलोजनचे झोत, ज्यांत जलरंग पाच वर्षांत फिके पडतील. संग्रहालयांमध्ये मान्य असलेले प्रमाण असे आहे : कागदावरची कामे, म्हणजे जलरंग, लघुचित्रे, छापचित्रे, जुने फोटो, यांवर ५० लक्स, तैलरंगावर २०० लक्सपर्यंत. लक्स म्हणजे चित्रावर पडणाऱ्या उजेडाचे माप. उजेडाचे नुकसान साठत जाते. ५० लक्समध्ये दहा तासांत जेवढे होते तेवढे ५०० लक्समध्ये एका तासात होते, आणि ते परत भरून येत नाही. म्हणून जलरंग तीन महिने लावले की ते काढून अंधाऱ्या कपाटात विश्रांतीला ठेवावेत. लक्समीटर फार महाग नाही, एक घ्या. ट्रॅकवरचे एलईडी दिवे घ्या, त्यांचा रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय), म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर असल्याची खात्री निविदेतच मागा. ८० चा दिवा स्वस्त असतो, पण त्यात तांबडे रंग मातकट दिसतात. दिवा चित्रावर उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या कोनात पडावा. कोन याहून मोठा झाला तर काचेत दिवा चमकतो आणि पाहणाऱ्याचीच सावली चित्रावर पडते, लहान झाला तर चौकटीची सावली चित्रावर उतरते.

एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. बाहेरच्या उन्हातून थेट ५० लक्सच्या दालनात आलेल्या माणसाला पहिली काही मिनिटे काहीच धड दिसत नाही, आणि साठीच्या पुढच्या डोळ्यांना तर अंधाराची सवय व्हायला आणखी वेळ लागतो. म्हणून दाराजवळ मध्यम उजेडाची जागा ठेवा. तिथे बाक आणि प्रदर्शनाची माहिती असू द्या. माणसे वाचत बसतील तेवढ्यात डोळे तयार होतील. वर्गाच्या टेबलावर मात्र ५०० लक्स हवेत. दालन आणि वर्ग यांच्या दिव्यांची बटणे वेगळी ठेवा, नाहीतर वर्गासाठी दिवे लावताना जलरंगही उजळून निघतील.

पावसाळ्याबद्दल सविस्तर लिहावे लागेल, कारण कोकणात आणि मुंबईत सर्वांत जास्त चित्रे इथे मरतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४५ ते ६० टक्के असावी. ती ६५ ते ७० च्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते. जुलैत समुद्रकाठी ती दिवसेंदिवस ८५ च्या वर असते. यावर बहुतेक दालनांत एकच उपाय आहे, एअर कंडिशनर, आणि तो कार्यालयीन वेळेतच चालतो. सकाळी दहाला हवा थंड-कोरडी, संध्याकाळी सहाला बंद, रात्रभर दमट. रोजचा हा चढउतार सतत दमट असण्याहून वाईट आहे, कारण कागद रोज फुगतो आणि रोज आखडतो, माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, वाकतो आणि रंगाच्या थराला भेगा जातात. चोवीस तास एसी परवडत नसेल तर तो बंद ठेवा, आणि त्याऐवजी आर्द्रता शोषणारे यंत्र, म्हणजे डिह्युमिडिफायर, लावून पंखे मंद गतीने चालू ठेवा. त्याची पाण्याची टाकी मोठ्या दालनात दिवसातून दोनदा भरते, तेव्हा नळी थेट मोरीत सोडा. नाहीतर रविवारी टाकी भरून यंत्र आपोआप थांबते आणि सोमवारी सुट्टी असल्याने मंगळवारपर्यंत कुणाला कळत नाही.

आर्द्रतामापक भिंतीवर लावला म्हणजे तो खरे बोलतो असे नाही. वर्षातून एकदा त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्या, ओल्या वाळूसारखे होईल एवढेच थेंब पाणी घाला, ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत बारा तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ८१ आला तर तो मापक सहा अंक जास्त दाखवतो, तसे त्यावर चिकटपट्टीने लिहून ठेवा.

पावसाळ्यात तैलचित्राचा कॅनव्हास सैल पडलेला दिसतो आणि कुणीतरी मागच्या पाचरा ठोकून तो ताणतो. असे करू नका. उन्हाळ्यात तोच कॅनव्हास आखडतो आणि आधीच ताणलेला असल्याने रंगाला तडे जातात. जून ते सप्टेंबर कागदाची कामे लावायचीच नाहीत असे ठरवले तर सर्वांत बरे; त्या महिन्यांत भाजलेल्या मातीची, धातूची, दगडाची शिल्पे लावा. चौकटी करवून घेताना आम्लरहित माउंटबोर्ड मागा आणि काच कागदाला टेकणार नाही याची खात्री करा. मागच्या बाजूला वर्तमानपत्र चिकटवणारा फ्रेमवाला बदला. त्या कागदातून पिवळे डाग चित्रात उतरतात, आणि त्याची खळ कसरीला आवडते. सेलोटेपने चित्र माउंटला चिकटवलेले असेल तर त्या टेपचा डाग सहसा निघत नाही.

चित्राखालच्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात : मराठी मजकूर आधी, अक्षर किमान २० पॉइंट. देवनागरीत मात्रा-वेलांट्यांमुळे त्याच आकारात अक्षराचा मुख्य भाग लहान राहतो, म्हणून इंग्रजीला पुरणारा १४ पॉइंट इथे पुरत नाही. चित्रकाराचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार सेंटिमीटरमध्ये, आधी उंची. खाली तीन वाक्ये, जास्त नको, आणि त्यात एक तरी वाक्य असे हवे की वाचून माणूस पुन्हा चित्राकडे पाहील : रंग कुठल्या क्रमाने चढला, सावलीत निळा का आहे.

आता वर्ग. सोमवार बंद धरून सहा दिवस असे वाटता येतात. मंगळवार ते शुक्रवार सकाळी साडेदहा ते बारा पालिका शाळांच्या तुकड्या. चाळीस मुलांची तुकडी एकदम दालनात घ्यायची नाही. वीस मुले चित्रांसमोर, वीस वर्गखोलीत, चाळीस मिनिटांनी अदलाबदल. दुपारी दोन ते चार मोठ्यांचा वर्ग. ही वेळ घर सांभाळणाऱ्या स्त्रियांना आणि निवृत्तांना जमते, संध्याकाळची जमत नाही. बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ नोकरदारांसाठी, आणि तेवढे दोन दिवस दालनही आठपर्यंत उघडे. शनिवारी सकाळी चार ते सहा वर्षांची मुले, प्रत्येकासोबत घरातले एक मोठे माणूस, पंचेचाळीस मिनिटे, बारा मुलांहून जास्त नाहीत. त्यानंतर सात ते दहा वर्षांचे, सव्वा तास. रविवारी अकरा ते चौदा वर्षांचे, दोन तास. एका शिक्षकामागे वीसजण आणि जोडीला एक मदतनीस. मदतनीस नसेल तर पाणी सांडल्यावर शिक्षक फडके शोधत फिरतो आणि वर्ग संपतो.

दालनात बसून काढायचे ते फक्त पेन्सिलीने. पेन, खडू, कोळसा, रंग, पाण्याची बाटली, पाठीवरची पिशवी, सगळे बाहेर. चित्रापासून हातभर नाही, मीटरभर अंतर. जमिनीवर कापडी चिकटपट्टीची रेघ मारली की मुले ती पाळतात. ए-३ आकाराचे प्लायचे बोर्ड आणि प्रत्येकी दोन क्लिपा, घडीचे स्टूल वीस, २बी आणि ४बी पेन्सिली आधीच टोक केलेल्या, कारण टोक करताना पडणारी भुकटी फरशीवरून चित्रांवर जाते. पहिली दहा मिनिटे कुणीही काही काढायचे नाही. शिक्षकाने विचारायचे : उजेड कुठून येतोय? सर्वांत गडद जागा कुठली? डोळा आधी कुठे जातो आणि नंतर कुठे? मग वीस मिनिटे रेखाटन, आणि त्यातही अख्खे चित्र उतरवायचे नाही. एक हात, एक झाड, नाहीतर फक्त गडद-उजळ जागांचे चार आकार. अख्खे चित्र उतरवायला लावले की मुले पाहायची थांबतात आणि मोजत बसतात.

तिथून खोलीत. जलरंगाच्या एका वर्गाचे वीस जणांचे साहित्य असे : ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) पूर्ण इम्पीरियल कागद, २२ बाय ३० इंच, बारा ताव. एका तावाचे चार तुकडे होतात, प्रत्येकाला दोन लागतात, म्हणजे दहा ताव, दोन जादा. निविदेत नुसता 'ड्रॉइंग पेपर' लिहिलेत तर १२० जीएसएमचा पातळ कार्ट्रिज कागद येतो. तो पाण्याने सुरकुततो, रंग खळग्यांत साचतो, आणि शिकणाऱ्याला वाटते की आपल्यालाच जमत नाही. बारा छटांची पेटी नको. तीनच नळ्या : लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरीन, मोठ्यांसाठी चौथी बर्न्ट सिएना. हिरवा पेटीत तयार मिळाला की झाडे सगळी एकसारखी होतात. गोल ब्रश ४, ८ आणि १२ नंबरचे, एक इंची चपटा प्रत्येक दोघांत एक. पाण्याची दोन भांडी दोघांत मिळून, एक धुवायला, एक रंगात घालायला. सुती फडकी चाळीस. कागद बोर्डाला चारही बाजूंनी कागदी चिकटपट्टीने लावायचा आणि पूर्ण वाळेपर्यंत काढायचा नाही. पावसाळी हवेत याला तास लागतो, म्हणून साधा हेअर ड्रायर एक ठेवा.

मातीकामाला शाडू आदल्या दिवशी भिजवून, मळून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. मुलांना प्रत्येकी एक किलो, मोठ्यांना दीड. आत तार घालून आकृती केली तर वाळताना फुटणारच, कारण माती आखडते आणि तार आखडत नाही. काथ्याचे बारीक तुकडे मळताना घातले की भेगा खूप कमी होतात, गणपतीचे मूर्तिकार हेच करतात. उन्हात वाळवू नका. वर्गानंतर खोली झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. वाळलेल्या मातीची बारीक धूळ रोज श्वासात जाणे शिक्षकाच्या आणि सफाई कर्मचाऱ्याच्या फुप्फुसांना वाईट. आणि हात धुण्याच्या बेसिनखाली गाळ बसण्याची बादली किंवा टाकी हवीच. नाहीतर दोन महिन्यांत पाइप तुंबतो आणि 'वर्गांमुळे इमारत खराब होते' असा शेरा फाइलवर पडतो. आम्ही पाहिलेले बरेच वर्ग असेच एका तुंबलेल्या पाइपापाशी बंद पडले आहेत.

तैलरंग मुलांच्या वर्गात नको. मोठ्यांच्या वर्गात हवे असतील तर खिडक्या उघड्या, बाहेर हवा फेकणारा पंखा, आणि टर्पेंटाइन झाकणाच्या बाटलीत. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कचऱ्याच्या पेटीत टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवायची किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या झाकणबंद डब्यात टाकायची. ही सूचना भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. रंगाच्या दुकानातली सुटी पिवळी-शेंदरी पावडर स्वस्त म्हणून घेऊ नका, तिच्यात शिसे असू शकते.

ज्येष्ठांसाठी वेगळा वर्ग ठेवा, पण त्यांना मुलांची कामे देऊ नका. ज्यांचा हात थरथरतो त्यांना जाड दांड्याचे ब्रश, कोळसा आणि मऊ पेस्टल बरे पडते. हातांची खुर्ची, ७५ सेंमीचे टेबल, आणि मधे दहा मिनिटांची विश्रांती. लहानांची टेबले ५० ते ५५ सेंमीची. दाराची रुंदी ९० सेंमी, उताराचे प्रमाण एकास बारा. शिल्पांच्या प्रदर्शनात दोन-तीन कामे तरी हाताने चाचपून पाहता येतील अशी ठेवा. दृष्टिहीन येतील, आणि त्या टेबलापाशी डोळस लोकही रांग लावतील.

शिक्षक ए.टी.डी., जी.डी. आर्ट किंवा बी.एफ.ए. अशी कलेची पदविका किंवा पदवी घेतलेले असावेत, पण निवड प्रमाणपत्रावर नाही, दालनात एक तास घ्यायला लावून करा. मानधन वर्ग संपल्यापासून पंधरा दिवसांत मिळेल अशी सोय हवी. सहा महिने बिल अडकले की चांगला शिक्षक पुन्हा येत नाही, आणि उरतात ते ज्यांना दुसरे काम नाही. फी पालिका शाळांना माफ. इतरांकडून अनामत घ्या आणि सर्व तासांना आले की परत करा. सगळे फुकट ठेवले की नोंदणी भरलेली आणि खोली रिकामी, असे होते.

पालक एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांचे वर्ग मागतील, कारण ग्रेडवर दहावीत वाढीव गुण मिळतात. ती मागणी रास्त आहे, पण दालनाची शिकवणी होऊ देऊ नका. वस्तुचित्रासाठी खरी तांब्या-पितळेची भांडी, एका बाजूने येणारा उजेड आणि मागे साधे कापड एवढे मांडून द्या. बहुतेक मुले घरी आणि क्लासात छापील घागर पाहून घागर काढतात आणि परीक्षेत खरी घागर समोर आली की तोंडाची लंबवर्तुळे चुकतात. परीक्षेचा आराखडा पाठ करून घेण्याचे काम शहरात दुसरीकडे होतेच आहे.

प्रदर्शनाच्या शेवटच्या आठवड्यात वर्गात झालेली कामे त्याच दालनात, त्याच उंचीवर, त्याच दिव्यांखाली लावा. जिन्याखाली किंवा दोरीला चिमट्याने नको. निवड करू नका, बक्षिसे देऊ नका. प्रत्येकाचे एक काम, माउंट कापून, नाव आणि माध्यमाची पट्टी लावून. ६० कामांना चाळीस मीटर भिंत पुरते, दोन ओळींत लावले तर त्याहून कमी.

हे सगळे कधी करायचे? पहिला टप्पा दिवाळीच्या सुट्टीपासून पुढे सहा आठवडे. हवा कोरडी, कागदाची कामे निर्धास्त लावता येतात. दुसरा एप्रिलच्या मध्यापासून मेअखेर, जेव्हा मुले मोकळी असतात. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजूर होते, तेव्हा खात्याकडून मागणी डिसेंबरमध्येच जायला हवी. आणि ती 'सांस्कृतिक कार्यक्रम' या एका शीर्षाखाली नको, कारण त्यातला पैसा आधी मंडप आणि ध्वनिवर्धकावर जातो. तीन वेगळ्या ओळी मागा : मांडणी आणि वाहतूक, वर्गसाहित्य, शिक्षकांचे मानधन. साहित्य सर्वांत कमी दराच्या निविदेने घ्यायचेच असेल तर कागदाचे जीएसएम, ब्रशचे नंबर आणि दिव्याचा निर्देशांक अटींत लिहा, आणि नमुना पाहिल्याशिवाय पुरवठा स्वीकारू नका.

त्याआधी एक काम आहे, त्याला पैसा लागत नाही. पुढच्या वर्षाच्या दालन आरक्षणाची जाहिरात निघण्यापूर्वी नोंदवहीत हे बारा आठवडे तांबड्या शाईने बंद करा. एकदा तारखा भाड्याने गेल्या की त्या परत घेता येत नाहीत, आणि मग कितीही निधी मिळाला तरी लावायला भिंत नसते. मांडणीचा आराखडा, साहित्याची यादी, निविदेच्या अटींचा मसुदा, हे करून द्यायला आम्ही विनामोबदला येऊ. तारखा तेवढ्या तुम्ही राखा.

आपले,
सार्वजनिक कलादालनांत प्रदर्शने लावणारे आणि चित्रकलेचे वर्ग घेणारे आम्ही सर्व